नर्सेस डेचा केक आणि ड्युटी चार्ट

१२ मे जवळ आला की मीटिंग लागते, विषय एकच, यंदा सिस्टर लोकांसाठी काय करायचं. मग केक, गुलाब, बॅनर, एक भाषण ज्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा येणारच (१२ मे म्हणजे तिचा वाढदिवस, साल १८२०), नंतर ग्रुप फोटो, आणि फोटो झाला रे झाला की अर्ध्या जणी पळत वॉर्डात, कारण तिकडे दोघींच्याच जिवावर सगळं सोडून आलेल्या असतात. माझा केकला विरोध नाही हं, मला आवडतो केक. पण परवा एचआरमधल्या एका मुलीने फॉर्म पुढे करून विचारलं, "मॅडम, स्टाफचं जॉब सॅटिस्फॅक्शन वाढवायला काय करता येईल, दोन ओळीत लिहाल का?" आता दोन ओळीत काय लिहू, डोंबल! म्हणून इथे लिहितेय, आणि लांबणारे, आधीच सांगते.

पगाराचं आधी उरकून घेऊ, कारण कमेंटमध्ये तेच येणार. पगार कमी असेल, वेळेवर नसेल, तर बाकी काहीही करा, माणूस थांबत नाही आणि थांबूही नये. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाहीच. गंमत पुढे आहे, बरा पगार असलेल्या ठिकाणाहूनही मुली सोडून जातात, आणि जाताना कारण विचारलं की "घरगुती अडचण" असं लिहितात, म्हणजे खरं कारण लिहून कोणाशी वाकडं घ्यायचं नसतं एवढंच. फ्रेडरिक हर्झबर्ग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९५९ साली मांडलेलं मला इथे फार पटतं. पगार, नियम, साहेबाचं वागणं, बसायची जागा, हे वाईट असलं की माणूस नाराज होतो, पण हे सगळं चांगलं करून दिलं म्हणून तो खूश होईल असं नाही, नाराजी जाईल फक्त. खूश होतो तो कामामुळेच, म्हणजे काम नीट करता आलं, त्याची कोणीतरी दखल घेतली, त्यात पुढे जाता आलं, यामुळे.

आणि नर्सचं दुखणं नेमकं इथेच आहे. काम नीट करताच येत नाही.

ड्युटी संपवून घरी निघालेल्या सिस्टरच्या डोक्यात काय चालू असतं माहितीये? झालेलं काम नसतं, राहिलेलं असतं. आठ नंबरच्या आजींना दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं, सकाळी एकदा वळवलं ते वळवलंच. त्या कोपऱ्यातल्या मुलाला उद्या डिस्चार्ज, इन्सुलिन नव्याने चालू झालंय, सुई कशी धरायची, कुठे टोचायची, कोणी बसून दाखवलंच नाही, नुसता कागद हातात दिला. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी काकांना उठवून चार पावलं चालवायचं होतं, उद्या बघू म्हटलं. यातल्या कशाचीच तक्रार होत नाही, हेच तर वाईट आहे. अँटिबायोटिक चुकलं तर बोंब होते, वळवायचं चुकलं तर आठवड्याने पाठीला जखम दिसते, आणि तोवर ती कोणाच्या ड्युटीत झाली हे कोणाला आठवतंय. बिआट्रिस कालिश नावाच्या अमेरिकन नर्स-संशोधक आहेत, त्यांनी २००६ मध्ये वॉर्डातल्या नर्सेसशी बोलून नेहमी राहून जाणाऱ्या कामांची यादी काढली, त्यात हेच सगळं आहे. चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, डिस्चार्जची तयारी, धीर देणं, अंघोळ-तोंड धुणं, इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, बाहेर किती आलं) लिहिणं, आणि नुसतं लक्ष ठेवणं. वाचताना मला वाटलं अरे ही बाई आमच्या वॉर्डात येऊन गेली की काय.

योग्य काय ते माहीत आहे, येतं पण, आणि तरी करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमेटन या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं, म्हणजे मनाला लागून राहिलेली टोचणी. थकवा झोपेने जातो, हे झोपेने जात नाही. त्यामुळे सॅटिस्फॅक्शन वाढवायचं म्हणजे माझ्या मते एकच प्रश्न दहा ठिकाणी विचारायचा, सिस्टरला तिचं काम पुरं करता यावं म्हणून आज काय बदललं? बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता माणसं. हा विषय काढला की ऑफिसात सगळे पंख्याकडे बघायला लागतात. पण आकडे आहेत हो. अमेरिकन नर्स-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला अभ्यास, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातली १६८ हॉस्पिटलं, दहा हजारांहून जास्त नर्सेस. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, नर्सच्या बर्नआउटची (म्हणजे कामाने मनातून पार पिचून जाण्याची) २३ टक्क्यांनी, आणि नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी. एक पेशंट! आमच्याकडे "सिस्टर, एक अ‍ॅडमिशन पाठवतोय, अ‍ॅडजस्ट करा" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू येतं.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये यावर कायदा केला आणि २००४ पासून तो लागू झाला, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी सहा पेशंटमागे एक नर्स, मग २००५ पासून पाचामागे एक, आयसीयूत दोनामागे एक. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या नर्सेसनी २००० मध्ये आपल्या करारातच प्रमाण लिहून घेतलं, २०१५ मध्ये त्याचा कायदा झाला. क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांत हे सुरू केलं आणि तिथला अभ्यास २०२१ मध्ये आला, तो मी आमच्या अकाउंट्सवाल्यांना फॉरवर्ड केला होता (निळी टिक आली, उत्तर नाही). त्यात मृत्यू कमी, पुन्हा अ‍ॅडमिट होणं कमी, आणि या परतफेऱ्या टळल्यामुळे व पेशंट लवकर घरी गेल्यामुळे जे पैसे वाचले ते जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाले. म्हणजे माणसं वाढवणं परवडत नाही हे वाक्य नेहमी खरंच असतं असं नाही, फक्त खर्च एका खात्यात दिसतो आणि बचत दुसऱ्या.

पण नुसतं प्रमाण लिहून काम होत नाही, हेही सांगते, कारण कागदावर प्रमाण बसवायच्या युक्त्या आम्ही सगळ्यांनी बघितल्यात. इन्चार्जला, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला मोजतात, जी दिवसभर फोनवर आणि इंडेंटमध्ये (सामानाच्या मागणीपत्रांत) असते. स्टुडंटला मोजतात. ट्रेनिंगला गेलेलीला पण मोजतात, कारण तिची सही आहे ना! आणि पेशंट मोजताना सगळे सारखेच, म्हणजे तीन इन्फ्युजन, एक ड्रेन आणि दर तासाला बीपी असलेला माणूस पण एक, आणि बॅग भरून बिलाची वाट बघत बसलेला पण एकच. सकाळच्या हँडओव्हरनंतर (रात्रपाळीने पेशंटची माहिती देऊन सोपवल्यावर) पाच मिनिटं काढून पेशंट किती जड आहेत यावर वाटप केलं तर तेवढ्याच माणसांत बराच फरक पडतो. बेड नंबरप्रमाणे १ ते ६ तुझे, ७ ते १२ तिचे, हे सोपं आहे पण शुद्ध आळस आहे.

मग ड्युटी चार्ट. माझं स्पष्ट मत आहे, वॉर्डाचा मूड बघायचा असेल तर तिथला चार्ट बघावा, सर्व्हे करायची गरज नाही. चार्ट शनिवारी संध्याकाळी लागतो, सोमवारपासून लागू, आणि त्या कागदासमोर जी गर्दी होते ना, मोबाइल काढून फोटो घेणाऱ्या, आणि कोणीतरी मागून "माझी परत नाइट?" एवढंच म्हणते. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या घरी लग्न, कोणाला फक्त दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, आणि सगळ्यांना दोन दिवस आधी कळणार. चार आठवड्यांचा चार्ट आधी लावायला पैसा लागत नाही. लागते ती इन्चार्जची दोन दिवसांची डोकेफोड, मी ती करते म्हणून सांगतेय, होते.

संध्याकाळची ड्युटी करून रात्री उशिरा घरी आणि परत सकाळची, ही जोडी तर बंदच करायला हवी. युरोपातल्या कायद्यात दोन ड्युट्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती असा नियम आहे, तेवढा कागदावर आपणहून पाळला तरी खूप. बारा तासांच्या ड्युटीबद्दल मात्र लोकांचं एकमत होत नाही, कित्येकींना ती आवडते कारण सुट्ट्या जास्त मिळतात आणि येण्याजाण्याचे हेलपाटे वाचतात. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण युरोपातल्या १२ देशांतल्या ३१ हजारांहून जास्त नर्सेसचा २०१५ मधला अभ्यास सांगतो की बारा तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत बर्नआउट आणि नाराजी आठ तासवाल्यांपेक्षा जास्त होती. म्हणजे आवडतं ते आणि झेपतं ते एकच असेल असं नाही. माझा तोडगा असा की ज्यांना हवी त्यांना द्या, पण सलग तीनच्या वर नको, आणि नाइट संपल्यावरचा दिवस 'ऑफ' म्हणून मोजू नका, तो झोपेचा दिवस आहे! रात्रपाळीने शरीराचं घड्याळ बिघडतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्येच असं काम 'कॅन्सरला बहुधा कारणीभूत' या गटात टाकलंय, तेव्हा नाइट ही शिक्षा म्हणून कोणाला लावणं तर फारच वाईट. आणि लावतात. तोंडाने बोललीस ना, घे मग.

ऑफच्या दिवशीचे फोन हा वेगळा ब्लॉग होईल. एवढंच सांगते, फोन वाजला आणि स्क्रीनवर वॉर्डाचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो, उचलला नाही तरी सुट्टी गेलीच.

बरं, आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. सिस्टरचा वेळ जातो कुठे? २००८ मध्ये अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांत वेळ मोजला होता, तर नर्सच्या कामाच्या वेळातला एक तृतीयांशाहून जास्त भाग लिहिण्यात, आणि प्रत्यक्ष पेशंटची सेवा म्हणून जे धरलं होतं ते पाचव्या हिश्शाच्या आत. आणि शोधाशोध! वॉर्डात बीपीचे दोन कफ, एकाचं वेल्क्रो गेलंय, दुसरा शेजारच्या वॉर्डाने नेलाय. इन्फ्युजन पंप पाहिजे तर फोन करा, फोन कोणी उचलत नाही म्हणून जा, गेलं तर बॅटरी डाउन. फार्मसीतून औषध आणायला माणूस नाही म्हणून सिस्टर खाली, चादर नाही म्हणून सिस्टर लॉन्ड्रीत, लाइट लागत नाही म्हणून मेंटेनन्सला सिस्टरनेच पाच वेळा फोन करायचा. जी मुलगी चार वर्षं शिकून आलीये ती अर्धा दिवस कुरिअर म्हणून फिरते, आणि संध्याकाळी तिला विचारतात, रुग्णाशी हसून का बोलली नाहीस.

ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, यावर 'प्रॉडक्टिव्ह वॉर्ड' म्हणून कार्यक्रम केला होता. त्यात स्टाफनेच बघायचं की वेळ कुठे वाया जातो, वस्तू कुठे असायला हव्यात, आणि जागा स्वतः बदलायच्या. आम्ही आमच्या वॉर्डात त्याची गरिबांची आवृत्ती केली. एक पांढरा बोर्ड लावला, ज्या वस्तूसाठी वॉर्डाबाहेर जावं लागलं तिचं नाव लिहायचं, बस. थोड्याच दिवसांत बोर्डवर तीच तीच चार नावं दिसायला लागली, ती घेऊन मी स्टोअरला गेले आणि भांडले. भांडायला पुरावा असला की मजा येते. दोन गोष्टी मिळाल्या, दोन अजून अडकल्यात, पण पोरींना पहिल्यांदा दिसलं की आपण लिहिलेलं काहीतरी कुठेतरी पोचतं.

औषधांच्या राउंडचं पण असंच. ट्रॉली घेऊन सिस्टर उभी आहे, एका हातात गोळ्यांची स्ट्रिप, दुसऱ्या हातात औषधांचा चार्ट, नाव वाचतेय, तेवढ्यात नातेवाईक, "सिस्टर, सलाईन संपलं." बघून आली. परत चार्ट उघडला, फोन. परत उघडला, डॉक्टर, "सात नंबरचा रिपोर्ट कुठेय?" आता आपण कुठवर आलो होतो? ऑस्ट्रेलियात ९८ नर्सेसचं निरीक्षण करून २०१० मध्ये अभ्यास छापला गेला, औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे क्लिनिकल चुका (चुकीचं औषध, चुकीचा डोस अशा) सुमारे १३ टक्क्यांनी वाढताना दिसल्या. त्यामुळे राउंडच्या वेळी फोन आणि नातेवाईक सांभाळायला एक जण वेगळी ठेवणं ही चैन नाही. काही ठिकाणी औषध देणारीला वेगळ्या रंगाचा एप्रन घालतात, 'बोलू नका' लिहिलेला. आम्ही करून बघितलं, लोक एप्रन वाचायला जवळ येतात आणि मग विचारतात. दुसरी माणूस ठेवणं जास्त चाललं.

आणि चूक झालीच तर? यावर हॉस्पिटलचं खरं रूप कळतं. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये चूक घडलेल्या डॉक्टरला 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी म्हटलं, नर्सचंही तेच. पहिला बळी अर्थात पेशंट, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे इन्सिडेंट फॉर्म (चूक नोंदवायचा कागद) भरला की मेमो येतो तिथे फॉर्म भरणं बंद होतं, चुका बंद होत नाहीत. एका ठिकाणी मी असताना (नाव नको) एका ज्युनिअरने स्वतःहून सांगितलं की डोस उशिरा दिला गेला, तर तिला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. त्यानंतर त्या मजल्यावर कोणाचाच डोस कधी उशिरा गेला नाही, कागदावर.

अपमान हा सगळ्यात महाग पडतो. पेशंटचा श्वास बदललाय म्हणून रात्री दोनला फोन करणाऱ्या सिस्टरला "तुला काय कळतं, सकाळी बघू" म्हटलं की ती पुढच्या वेळी फोन करायच्या आधी दहा वेळा विचार करते, आणि त्या दहा विचारांत पेशंट हातचा जातो. एसबीएआर पद्धत, म्हणजे परिस्थिती, मागची माहिती, माझं मत, माझी सूचना, या क्रमाने सांगणं, अमेरिकन नौदलातून हॉस्पिटलांत आली ती यासाठीच. मला त्यातला शेवटचा भाग सगळ्यात आवडतो, सूचना. नर्सने सूचना करायची आहे, नुसता निरोप्या व्हायचं नाही. पण ते ऐकणाऱ्यालाही शिकवा ना, आमची ट्रेनिंग झाली, डॉक्टरांची 'वेळ मिळाला नाही'. आणि नातेवाइकांनी हात उगारला तर सिक्युरिटी येईपर्यंत सिस्टर एकटीच असते, नंतर वर तिलाच विचारणार, तू काय बोललीस. तिथे इन्चार्ज किंवा मेडिकल सुपरिटेंडंट स्वतः येऊन शेजारी उभा राहिला, तर ती गोष्ट स्टाफ वर्षानुवर्षं सांगत राहतो. नाही राहिला तरी सांगतोच.

१९८३ मध्ये अमेरिकेत उलटा प्रश्न विचारला गेला होता. सगळीकडे नर्सेसचा तुटवडा, पण काही हॉस्पिटलांतून नर्सेस जातच नव्हत्या, अशी ४१ हॉस्पिटलं निवडून बघितलं की तिथे वेगळं काय आहे. लोहचुंबकासारखी माणसं धरून ठेवतात म्हणून 'मॅग्नेट' नाव पडलं, पुढे त्याचं मानांकनही सुरू झालं. आणि सापडलं काय, तर नर्सिंगची प्रमुख व्यक्ती निर्णयाच्या टेबलवर बसते, वॉर्डातली नर्स आपल्या कामाबद्दल स्वतः ठरवू शकते, डॉक्टरांशी संबंध बरोबरीचे, शिकायला वाव, चार्ट लवचिक. केकचा उल्लेख नाही. मानांकनाच्या फाइली जमवताना परत नर्सेसच रात्री जागतात हा भाग वेगळा, पण मूळ निरीक्षण सोन्यासारखं आहे.

योगा सेशन, स्ट्रेस मॅनेजमेंटचं वर्कशॉप, यावर जास्त लिहीत नाही. वाईट नसतात. फक्त ते ऑफच्या दिवशी बोलावून, हजेरी घेऊन करू नका, आणि माणसं कमी आहेत याचं उत्तर दीर्घ श्वास आहे असं सांगू नका.

नवीन मुलींचं एक राहिलं. पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक, त्यातच जास्त गळती. पास होऊन आलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात नाइटला एकटी, हे आम्ही सर्रास करतो आणि मग म्हणतो आजकालच्या पोरींना सहनशक्ती नाही. तिला एक ठरलेली सीनियर द्या, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या सीनियरचे पेशंट तेवढे कमी करा. नाहीतर सीनियर पण वैतागते, "तायडे, तू फक्त बघ आज, विचारू नकोस काही", असं होतं, आणि चूक तिची नसते.

दुसऱ्या टोकाला अनुभवी नर्सेस. आमच्याकडे वर जायचं म्हणजे पेशंटपासून लांब जायचं, इन्चार्ज, सुपरवायझर, ऑफिस, फाइली. ज्या बाईचे हात शीर बघूनच सांगतात सुईला कुठली लागेल, तिला बढती हवी तर तिने टेबलामागे बसायचं! जखमेची काळजी, इन्फेक्शन कंट्रोल, डायबेटिस, वेदनाशमन, यात कोर्स करून वॉर्डातच वरची पोस्ट आणि वरचा पगार मिळाला पाहिजे, काही देशांत ही वाट आहेच. आमच्या एका सीनियर सिस्टरने जखमांचा कोर्स केला, आता इतर वॉर्डांतून तिलाच बोलावतात, डॉक्टरही ड्रेसिंगबद्दल तिला विचारून लिहितात. पोस्ट मात्र अजून स्टाफ नर्सचीच. तिचा अर्ज मी तिसऱ्यांदा पुढे पाठवलाय, यावेळी क्वीन्सलँडवाला अभ्यास जोडून, बघू कोण वाचतंय.